काचेपलीकडे गेलेले लंगडणे

मी एक जुना अस्थिबंध आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत वाचले असेल, परीक्षेत लिहिले असेल आणि नंतर विसरूनही गेला असाल. त्यात तुमचा दोष नाही. मी हृदयासारखा धडधडत नाही की पोटासारखा गुरगुरत नाही. काचा वाहून नेणाऱ्या एका माणसाच्या उजव्या घोट्यात, बाहेरच्या बाजूला, कातडीच्या अगदी लगत मी राहतो. बुटाच्या चपट्या नाडीएवढी माझी रुंदी आणि अंगठ्याच्या नखाहून थोडी जास्त लांबी. एवढ्याशा जिवावर मी एका सबंध माणसाचा तोल सांभाळतो, असे मी पूर्वी ऐटीत म्हणत असे. आता तसे म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणजे मला जीभ असती तर रेटली नसती.

मी संयोजी ऊतींच्या घराण्यातला. जोडणे, आधार देणे, बांधून ठेवणे हा आमचा पिढीजात धंदा. हाडे म्हणजे आमच्यातली वडीलधारी मंडळी. ताठ, आणि आपल्यावाचून कोणाचे काही चालत नाही अशा समजुतीतली. हाडांच्या टोकांवर बसणारी कास्थी ही गुळगुळीत स्वभावाची आत्या. दोन हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती मध्ये पडते. स्नायुरज्जू माझी चुलतबहीण. ती स्नायूला हाडाशी बांधते आणि स्नायू आखडला की हाडाला ओढून हलवते. मी हाडाला हाडाशी बांधतो. मी कोणाला हलवत नाही. सांध्याने कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे, एवढेच पाहतो. रक्तसुद्धा आमच्याच गोतातले, पण ते माझ्याकडे फारसे फिरकत नाही. म्हणून मी पांढरा दिसतो, आणि म्हणूनच मला इजा झाली तर भरून यायला फार वेळ लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या.

माझा जन्म माझ्या धन्याच्याही आधीचा. तो आईच्या पोटात होता तेव्हा काही पेशींनी कोलॅजेनचे बारीक धागे कातायला घेतले. सुरुवातीला ते धागे कसेही पसरलेले होते. पण पोटातल्या पोटात तो लाथा मारू लागला, घोटा वळवू लागला, आणि ज्या दिशेने ताण पडे त्या दिशेने माझे धागे ओळीने निजू लागले. मला कोणी वळून तयार केले नाही; मी ओढ खाऊन घडलो. पुढे तो रांगला, चालला, अंगणात लंगडी खेळला. त्या काळात मी माझे दुसरे काम शिकलो, जे पुस्तकात फारसे लिहिलेले नसते. माझ्या धाग्यांमध्ये मज्जातंतूंची नाजूक टोके असतात. पाऊल बाहेरच्या बाजूला कलू लागले की मी ताणला जातो, आणि ताणताच निरोप धाडतो: पाऊल कलते आहे. तो निरोप पोचला की पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू स्नायुरज्जू ओढतात आणि पाऊल सरळ होते. धन्याला याचा पत्ताही लागत नाही. मला डोळे नाहीत, कान नाहीत. मेंदू आणि घोटा यांच्यामध्ये जे निरोप जातात-येतात, त्यांच्यावरून बाहेरचे जग जेवढे कळते तेवढे मी सांगतो आहे.

मोठा झाल्यावर माझा धनी काचांच्या एका दुकानात लागला. त्याला तिथे त्याच्या ताईच्या नवऱ्याने नेले होते. त्यांना तो दाजी म्हणे, आणि दुकानातले सगळेच मग त्यांना दाजी म्हणू लागले. दाजी गप्पिष्ट, खांद्यांनी रुंद आणि कामात कडक. मोठी काच दोघांनी कशी न्यायची हे त्यांनी त्याला शिकवले. काच उभी धरायची. एकाने पुढच्या टोकाला, काचेच्या अल्याड. दुसऱ्याने मागच्या टोकाला, पल्याड. पुढच्याने चाल धरायची. मागच्याने काचेतून आरपार पुढच्याच्या टाचांकडे पाहायचे आणि त्याच पायावर, त्याच क्षणी, तेवढेच पाऊल टाकायचे.

"काच दिसते तेवढी ताठ नसते," दाजी सांगत. "पावलं जुळली नाहीत की ती मधोमध लचकते. आणि लचकली की तिला तुझं-माझं नातं दिसत नाही."

आणखी एक शब्द त्यांनी शिकवला. 'टेकव.' दोघांपैकी कोणीही, कधीही, 'टेकव' म्हणाला की दुसऱ्याने काच तिथल्या तिथे खाली टेकवायची. का म्हणून विचारायचे नाही. घाम आला असेल, हात सुटत असेल, नुसती शिंक आली असेल. आधी काच टेकवायची, मग बोलायचे. दुकानातल्या सगळ्या जोड्या हा नियम पाळत. पण त्याला एक शेपूटही होते, जे कोणी शिकवत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे: हा शब्द आधी उच्चारतो तो जरा कमी पडला. म्हणून जो तो दुसऱ्याच्या तोंडून तो निघायची वाट पाही.

माझ्या धन्यावर तो शब्द उच्चारायची वेळ कधी आली नाही. त्याचे पाऊल इतके नेमके पडे की हातातली काच हलतही नसे. तेव्हा दाजींनी एक दिवस पुढची जागा त्याला दिली आणि स्वतः मागे गेले. गवंडी भिंतीचा सरळपणा पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. दुकानात त्याचे नावच ओळंबा पडले. गिऱ्हाईक म्हणे, "मोठी काच आहे, ओळंब्याला पाठवा." मित्रांनो, तेव्हा मीही फुशारून गेलो. ते नाव अर्धे माझे आहे, असे मला वाटे.

एकदा दोघे एका बंगल्याला काच पोचवून परतले होते. ओळंबा टेम्पोच्या मागच्या फळक्यावरून खाली उतरत होता. हात रिकामे होते. दाजींनी मागून काहीतरी चेष्टा केली, त्याला उत्तर द्यायला तो वळला, आणि त्याचे पाऊल अर्धे रस्त्यावर, अर्धे एका दगडावर पडले. घोटा बाहेरच्या अंगाला पार कलला. मी निरोप धाडला, पण त्याच्या सगळ्या अंगाचा भार निरोपाच्या आधी माझ्यावर आला. माझे निम्म्याहून अधिक धागे तुटले. तो आवाज त्याने आतून ऐकला.

दाजी पोट धरून हसले. "एवढ्या काचा नेल्यास, आणि रिकाम्या हाताने पडलास होय रे! अहो बघा, ओळंबा कलला!" टेम्पोचा ड्रायव्हर हसला, बंगल्याचा रखवालदार हसला, रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकाही हसल्या. मग तो उठत नाही असे पाहून दाजींनीच त्याला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. वाटेत त्यांना धाप लागली तरी त्यांनी त्याला खाली ठेवले नाही. हसले ते दाजीच आणि उचलले तेही दाजींनीच. पण ओळंब्याच्या मनात हसणेच तेवढे रुतून बसले.

हाड मोडलेले नव्हते. सूज उतरली. डॉक्टरांनी त्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवले. बाई हळू आवाजात बोलत, आणि दुखते कुठे हे विचारायच्या आधी माणूस चालतो कसा ते पाहत. त्या म्हणाल्या, "दोरी तुटली होती, ती जोडली जाते आहे. पण नवे धागे घाईघाईने टाकलेल्या टाक्यांसारखे असतात, वाकडेतिकडे. रोज बेताचा ताण दिलात तर ते ओळीत येतील. आणि त्या दोरीतून एक निरोप जात होता, तो आता अडखळतोय. तो सरावानेच बोलता होईल."

सराव अगदी साधा होता. रोज उजव्या पायावर उभे राहायचे. जमले की डोळे मिटून उभे राहायचे. दात घासताना करा, बाई म्हणाल्या, म्हणजे वेगळा वेळ काढायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा बेसिनपाशी एका पायावर उभा राहिला. डोळे मिटताच तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, ब्रश तोंडात तसाच ठेवून त्याने भिंत धरली. त्याची मुलगी दारात उभी होती. "आई गं, लवकर ये! बाबा बगळा झालेत!" बायको आली आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या दोघी मायेनेच हसल्या. पण त्याचे कान तापले.

मग त्याने ठरवले, हे घरी नको, दुकानात करू. तो सगळ्यांच्या आधी दुकानात गेला, शटर अर्धे वर केले आणि मधल्या जागेत एका पायावर उभा राहिला. तिथे चारी बाजूंना विकायचे आरसे लावलेले होते. गोल, चौकोनी, लाकडी चौकटीचे, न्हाणीघरातले. प्रत्येक आरशात एक धट्टाकट्टा माणूस हात पसरून लटपटत होता. ज्याला लोक ओळंबा म्हणतात, तो जिकडे पाहावे तिकडे कललेला दिसत होता. त्याने पाय खाली टेकवला, आणि पुन्हा उचलला नाही. बाईंकडेही तो परत गेला नाही.

त्याऐवजी तो रोज पायमोज्याच्या आत लवचीक पट्टा घट्ट गुंडाळू लागला. पट्ट्याने मला आधार मिळाला हे खरे. पण माझे धागे ताणाविना तसेच गुंतलेले राहिले. मी भरलो, जाड, सैल आणि मुका होऊन भरलो. पाऊल कलले की मला कळे, पण उशिरा. माझा निरोप गाडी निघून गेल्यावर फलाटावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखा झाला. उजव्या पायावर भरवसा नाही हे मेंदूने ओळखले आणि आपली एक पळवाट काढली: उजवे पाऊल टेकले न टेकले तोच उचलायचे आणि सगळा भार डाव्यावर टाकायचा. तुम्ही याला लंगडणे म्हणाल. ओळंबा त्याला काहीच म्हणत नव्हता. त्याच्या मते ते दिसत नव्हते.

घरी, रस्त्यात, ते कोणाच्या खरेच लक्षात आले नसते. पण मित्रांनो, काचेमागे दाजी होते.

ते नेहमीप्रमाणे काचेतून त्याच्या टाचांकडे पाहत. उजवे पाऊल आखूड पडले की त्यांचेही आखूड पडे. डाव्यावर भार आला की त्यांचाही डाव्यावर येई. त्यांनी हे ठरवून केले नाही. इतकी वर्षे त्यांचे पाय पुढच्याच्या पायांचे ऐकत आले होते, तसेच ऐकत राहिले. काच लचकू द्यायची नाही एवढेच त्यांना माहीत. आणि त्यांचे वय जास्त, अंग भारी. महिने गेले तसा त्यांचा डावा गुडघा कुरकुरू लागला.

एका रविवारी ताई आणि दाजी ओळंब्याकडे जेवायला आले होते. दाजी खुर्चीवरून उठताना टेबलाला धरून उठले. ताई म्हणाली, "बघितलंस ना? हल्ली हे असं चाललंय. डॉक्टर म्हणतात कास्थी झिजलीय, वयच आहे ते."

"वय झालं की लोक शहाणे होतात, माझा नुसता गुडघा म्हातारा झाला," दाजी म्हणाले. मग ओळंब्याकडे न पाहता त्यांनी सांगितले, "महिनाअखेरीस सोडतोय मी काम. एका इमारतीच्या गेटवर बसायचं काम आहे, तिथे सांगून ठेवलंय. खुर्ची देतात. तुला दुसरा जोडीदार बघ."

ताईने पाण्याचा पेला उगाच उचलून परत ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर काच उचलली तो गेटवर खुर्चीत बसणार, हे कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हते. ओळंबा म्हणाला, "असं कसं दाजी?" त्याला वाईट वाटले, खोटे नाही. पण मी त्याच्या घोट्यात बसलेलो. दाजींचे वाक्य संपताच त्याच्या पावलाची बोटे, जी मागे कोणी पाहत असले की बुटात आवळलेली असत, ती सैल सुटली. आता मागून त्याच्या टाचा ओळखणारे कोणी राहणार नव्हते. ते सैल होणे त्यालाही जाणवले, आणि त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

महिना संपायच्या आत एका नृत्यवर्गाचे काम आले. पहिल्या मजल्यावरचा दिवाणखान्यासारखा लांब वर्ग, आणि समोरच्या सबंध भिंतीला आरसे लावायचे. तीन मोठे आरसे. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "दाजींचं शेवटचं मोठं काम. तुम्ही दोघंच करा."

पहिला आरसा भिंतीवर चढला. दुसरा घेऊन दोघे वर्गात शिरले. आरसा म्हणजे पाठीमागून आंधळी काच. पल्याड असलेल्या दाजींना त्यातून काही दिसत नव्हते. ते ओळंब्याच्या बुटांच्या आवाजावर आणि हाताला बसणाऱ्या ओढीवर चालत होते. ओळंबा थेट भिंतीकडे चालला होता, आणि समोर भिंतीवर पहिला आरसा होता.

त्यात त्याला हातातला आरसा कडेने दिसला, म्हणजे नुसती एक उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला थोडे मागे दाजी. रेघ सरळ होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंची दोन माणसे एकाच वेळी, एकाच बाजूला, एकसारखी झुकत होती. पुन्हा सरळ. पुन्हा झुकत. जणू एकाच माणसाला दोन शरीरे दिली होती.

नृत्यवर्गाच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. ज्यांचे पोट पावलांवर, त्यांचे डोळेही पावलांवर. त्या कौतुकाने म्हणाल्या, "माझ्या मुलींना दाखवायला हवं तुम्हाला. इतकी वर्षं शिकवते, पण दोघांचं लंगडणंसुद्धा तालात पडतं, हे मी पहिल्यांदा बघतेय."

"जोडी जुनी आहे आमची," दाजी मागून हसत म्हणाले.

ओळंब्याला हसता आले नाही. दाजींच्या गुडघ्याला काय झाले, कधी झाले, कुठून आले, ते त्याच्या एका क्षणात ध्यानात आले, आणि माझ्याही. माझा सैलपणा माझ्यापाशी राहिला नव्हता. तो पट्ट्यातून, मोज्यातून, काचेतून पार होऊन दुसऱ्या माणसाच्या सांध्यात जाऊन बसला होता. ज्या माणसाने मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले होते, त्याच माणसाच्या. अस्थिबंधाचे काम आधार देण्याचे. मी कोणाचा आधार काढून घेतला, हे मला त्या दिवशी कळले.

तरीही तो बोलला नाही. एवढा शेवटचा आरसा होऊ दे, मग सांगू, असे त्याने स्वतःला समजावले. लाज वाटणाऱ्या माणसाला 'मग' हा शब्द फार आवडतो.

तिसरा आरसा जिन्यावरून वर निघाला. ओळंबा पुढे, म्हणजे वर. दाजी मागे, म्हणजे खालच्या पायरीवर, आरशाचा सगळा भार घेऊन. वरून काही सुटले तर ते थेट दाजींच्या अंगावर जाणार होते. वळणाच्या पायरीवर ओळंब्याचे उजवे पाऊल कडेला पडले आणि बाहेर कलू लागले.

मी ताणलो. मित्रांनो, माझ्यात होता नव्हता तो सगळा जीव एकवटून मी निरोप धाडला. तो अडखळत गेला. स्नायुरज्जूने ओढ घेतली, पण पुरती नाही. पाऊल कलायचे थांबले, सरळ झाले नाही. तिथे, सरळ आणि पडणे यांच्या मध्ये, तो उभा होता. पट्टा करकचला. आरसा हाताखाली किंचित थरथरला. आणि उभ्या आयुष्यात जो शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता तो त्याने उच्चारला.

"टेकव."

तो दाजींना कधी अरे-तुरे करत नसे. पण त्या शब्दाला दुसरे रूप नव्हते. दाजींनी का म्हणून विचारले नाही. आरसा अलगद खाली आला, पायरीवर पसरलेल्या पोत्याला टेकला आणि भिंतीशी रेलला. खालून ड्रायव्हरने हाक दिली, "काय हो, अडकलं का?"

"अडकलं नाही. टेकवलंय," दाजी म्हणाले. मग वर पाहिले. "आता बोल."

ओळंबा पायरीवर बसला. त्याने बूट काढला, मोजा खाली सरकवला आणि पट्ट्याची वेटोळी सोडली. कातडीवर पट्ट्याची जाळी उमटलेली होती.

"दाजी, तो पाय बरा झालाच नव्हता."

दाजींनी पट्ट्याचे टोक बोटांत धरले. "किती दिवस बांधतोयस हे?"

"तेव्हापासूनच."

"आणि मी विचारलं तेव्हा म्हणालास, नवा मोजा आहे, जाड आहे."

"दाजी, ऐका ना. मी लंगडतोय, आणि तुम्ही माझ्या टाचा बघून चालताय. तुमचा गुडघा म्हातारा नाही झाला. तो माझ्यामुळे..."

दाजी जिन्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत गेले. तिथे ते एकटेच, रिकाम्या हातांनी, खाली आपल्या पावलांकडे पाहत चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. उजवे आखूड. डावे जड. पुढे कोणी नव्हते, काचही नव्हती, तरी तसेच.

"अरे, हे तर अंगातच बसलंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज आधी हळू होता, मग चढला. "तुझी ताई मला जिना चढताना हात देते, ठाऊक आहे तुला? आणि मी घेतो तो हात! खाली मान घालून घेतो. म्हातारा झालो म्हणून! आणि तू बघत होतास?"

"बघत नव्हतो हो दाजी. तुम्ही मागे असता."

दाजींनी पायरीवरचा पट्टा गोळा करून त्याच्या हातात दिला.

"मग आता तू मागे हो," ते म्हणाले.

तो आरसा त्या दिवशी त्या दोघांनी नेला नाही. दुकानातून दुसरी जोडी आली. आपण बसलेल्या पायरीवरून अंग चोरत ओळंब्याने त्यांना वाट दिली, आणि ती चार पावले नीट, जुळून वर जाताना पाहिली. दुकानात ही बातमी त्याच्या आधी पोचली होती. त्या संध्याकाळी दाजी त्याच्याशी बोलले नाहीत, आणि ताईही काही दिवस बोलली नाही.

पण फिजिओथेरपीच्या बाईंकडे दोघे एकत्र गेले. म्हणजे ताईने नेले. दोघांना बाकावर बसवून स्वतः दाराशी बसली. बाईंनी दोघांना आळीपाळीने चालायला लावले. रागावल्या नाहीत. ओळंब्याला त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या अस्थिबंधाला बिचाऱ्याला लाज नसते. लाज तुम्हाला वाटली, आणि सराव त्याचा बुडाला." बाईंचे सगळे म्हणणे मला पटले. हे पहिले वाक्य तेवढे पटले नाही.

दाजींच्या झिजलेल्या कास्थीबद्दल बाई गोड बोलल्या नाहीत. झिजले ते परत येणार नाही, त्या म्हणाल्या. मांडीचे स्नायू बळकट केले आणि चाल सुधारली तर उरले आहे ते टिकेल. महिनाअखेर आली. दाजींनी गेटवरच्या कामाला कळवले, की खुर्ची तूर्त दुसऱ्या कोणाला द्या.

आता रोज सकाळी, दुकान पूर्ण उघडल्यावर, सगळ्यांच्या देखत, ओळंबा आरशांच्या मधोमध एका पायावर उभा राहतो. चारी बाजूंना लटपटणारी माणसे दिसतात. गिऱ्हाईक थबकते, हसते. दाजी स्टुलावर बसून आपला गुडघा सरळ-वाकडा करण्याचा व्यायाम करतात आणि तोंडाने त्याला सोडत नाहीत. "डोळे मिट की बगळोबा, मासा कुठे पळून जातोय?" त्याचे कान अजून तापतात. पण तो पाय खाली घेत नाही. आणि मला रोज बेताचा ताण मिळतो. माझे काही धागे ओळीत आले आहेत. सगळे येणार नाहीत. निरोप आता वेळेवर पोचतो. पूर्वीसारखा आधी नाही, पण वेळेवर.

मित्रांनो, तुमच्या घोट्यात, गुडघ्यात, मनगटात माझे भाऊबंद मुकाट्याने काम करत असतील. त्यांना इजा झाली आणि सूज उतरली, की ते बरे झाले असे समजू नका. त्यांना वेळ द्या, रोज थोडा ताण द्या, आणि कोणी हसले तरी सराव सोडू नका. पाय डळमळला तर 'टेकव' म्हणा, आधी तुम्हीच म्हणा, हातात काच असो वा नसो. तुमचे लंगडणे तुमच्यापुरते राहील असे तुम्हाला वाटते. तुमच्या पावलावर पाऊल टाकून कोण चालले आहे, हे पुढे चालणाऱ्याला दिसत नसते.

आता दाजी पुढे असतात आणि ओळंबा मागे. काचेतून तो त्यांच्या टाचांकडे पाहतो, आणि त्यांचे पडेल तसे आपले पाऊल टाकतो. त्यांची चाल बरीच सुधारली आहे. तरी डाव्या पावलावर भार येताना, अगदी शेवटी, एक बारीकसा हेलकावा अजून येतो. नृत्यवर्गाच्या बाईंनाही तो आता दिसणार नाही. पण काचेवरून तो ओळंब्याच्या हातांत येतो, हातांतून खाली पावलापर्यंत उतरतो, आणि मी ताणला जातो. मी तो लगेच ओळखतो. तो माझाच आहे.